पॅडी मेन खरा कसा होता? आयर्लंडचा रग्बी लॉक ते एसएएसचा कर्नल

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: वरिष्ठाला मारल्याबद्दल कोठडीत पडलेल्या पॅडी मेनला डेव्हिड स्टर्लिंगने तिथून उचलून आपण उभारलेल्या एसएएसमध्ये (स्पेशल एअर सर्व्हिस, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश छापामार तुकडी) आणलं, हे खरं का? रग्बीचा त्याच्या लष्करी कामाशी नेमका काय संबंध? त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान, का मिळाला नाही? आणि कॉलेजच्या क्रीडादिनाला त्याच्यावर बोलायचं, तर कोणत्या माहितीवर विसंबावं?

बीबीसीची मालिका पाहून हे प्रश्न पडणं साहजिक आहे. पडद्यावरचा मेन सतत पितो, भांडतो, मरणाच्या मागे धावतो. तो प्यायचा आणि प्यायल्यावर हाताबाहेर जायचा, हे खोटं नाही. पण तेवढ्यावर कुणी चार डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, लष्करी अधिकाऱ्यांचा सन्मान) मिळवत नाही आणि तीनशे माणसांची तुकडी समुद्रातून कड्यावर चढवून एका मृत्यूच्या मोबदल्यात तोफा ताब्यात घेत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मेनचं मोठेपण त्याच्या तयारीत आणि माणसं राखण्यात होतं, आणि लोकप्रिय चित्रणात नेमकं तेच हरवतं.

आधी माणूस. रॉबर्ट ब्लेअर मेन, जन्म ११ जानेवारी १९१५, गाव न्यूटाउनार्ड्स, काउंटी डाउन. बेलफास्टपासून जवळच. सात भावंडांतला सहावा, घरची स्थिती चांगली, शाळा रीजंट हाउस, पुढे क्वीन्स युनिव्हर्सिटीत कायद्याचं शिक्षण. १९३६ मध्ये आयरिश विद्यापीठांच्या बॉक्सिंगमध्ये हेवीवेट विजेता, आणि त्यानंतर ब्रिटिश विद्यापीठांच्या अंतिम लढतीत गुणांवर पराभव. वकिलीची उमेदवारी पुरी करून तो सॉलिसिटर झाला, तेव्हा युद्ध दारात उभं होतं. म्हणजे लष्करात गेलेला हा तरुण शिकलेला वकील होता, गावगुंड नव्हता. त्याचे अहवाल आणि मेलेल्या जवानांच्या घरी लिहिलेली पत्रं वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

रग्बीत तो मॅलोन क्लबकडून खेळायचा आणि आयर्लंडकडून १९३७ ते १९३९ या काळात सहा आंतरराष्ट्रीय सामने खेळला. पहिला सामना वेल्सविरुद्ध, १९३७ मध्ये. इथे एक गोष्ट मराठी वाचकाला चमत्कारिक वाटते. आयर्लंडची फाळणी १९२१ मध्ये झाली, उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला, तरी रग्बीचा संघ अखंड आयर्लंडचाच राहिला आणि आजही तसाच आहे. त्यामुळे उत्तरेतला प्रोटेस्टंट मेन हा दक्षिणेतल्या कॅथलिक खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून हिरव्या जर्सीत खेळायचा. त्याचा जिवलग मित्र इयॉइन मॅकगोनिगल कॅथलिक होता. दोघे एकत्र कमांडोत गेले, एकत्र एसएएसमध्ये आले, आणि नोव्हेंबर १९४१ च्या पहिल्याच मोहिमेत मॅकगोनिगल मारला गेला. तो घाव मेनला फार खोल बसला.

त्याची जागा लॉकची, म्हणजे स्क्रममधल्या दुसऱ्या रांगेची. रग्बी माहीत नसलेल्यांनी एवढं समजून घ्यावं: आठ फॉरवर्ड एकमेकांना घट्ट धरून समोरच्या आठांना रेटतात. पुढे तिघे, त्यांच्या मागे दोन लॉक. लॉक एकमेकांच्या कमरेला हात घालून डोकी पुढच्या तिघांच्या नितंबांमधून आत घालतात आणि खांद्याने रेटतात. पाठ सपाट हवी. पाठीला बाक आला की पायांतला जोर वाया जातो आणि पुढच्या गड्याला आधार उरत नाही. प्रेक्षकांना यातलं काहीच दिसत नाही. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला टाळ्या मिळतात, लॉकला कानाला घासलेली कातडी. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत फेकला जातो तेव्हा, त्या काळी सहकाऱ्याने उचलून धरण्याची मुभा नव्हती. कोपरांच्या गर्दीत स्वतःच्या उडीने चेंडू काढावा लागे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यात बदली खेळाडू नव्हता. कुणी जखमी झाला तर उरलेल्या चौदांनी सामना संपवायचा. खेळ पूर्ण हौशी, मानधन शून्य.

१९३८ मध्ये ब्रिटिश लायन्सच्या, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघाच्या, दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर त्याची निवड झाली. कर्णधार सॅम वॉकर, तोही आयरिश. लायन्सची जर्सी तेव्हा निळी असे, लाल नंतर आली. दौऱ्यात २४ सामने झाले, मेन त्यांतले २० खेळला, तिन्ही कसोट्यांसह. लांब आगगाडीचा प्रवास, कडक वाळलेली मैदानं, उंचीवरचं जोहान्सबर्ग, आणि समोर त्या काळचा जगातला सर्वांत दणकट फॉरवर्डचा जथा. लायन्स पहिली कसोटी २६-१२ आणि पोर्ट एलिझाबेथच्या उन्हातली दुसरी १९-३ अशी हरले. मालिका गेली होती. केपटाउनच्या न्यूलँड्सवर १० सप्टेंबरला तिसरी कसोटी झाली. मध्यंतराला लायन्स ३-१३ ने मागे होते, शेवटी २१-१६ ने जिंकले. त्या पंधरांत आठ आयरिश होते. या दौऱ्यातल्या मेनच्या दंग्यांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. स्टेडियमच्या बांधकामावरच्या कैद्याला पळवून नेणं, शिकार केलेलं हरीण रात्री कुणाच्या तरी खोलीत आणून टाकणं वगैरे. त्या पुढे सहकाऱ्यांच्या आठवणींतून आल्या, सांगता सांगता फुगल्या. गमतीने सांगायला हरकत नाही, पण पुरावा म्हणून त्यांच्यावर वजन टाकू नये. २४ पैकी २० सामने खेळणं हा खरा पुरावा. बेभरवशाच्या माणसाला कोणताही निवडकर्ता इतक्या वेळा उतरवत नाही.

आता सैन्य. तो युद्ध सुरू झाल्यावर भरती झाला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं, ते चूक आहे. मार्च १९३९ मध्येच तो पूरक राखीव दलात शिरला आणि रॉयल आर्टिलरीच्या विमानवेधी बॅटरीत त्याला कमिशन मिळालं. एप्रिल १९४० मध्ये रॉयल अल्स्टर रायफल्समध्ये बदली झाली. डंकर्कनंतर छापामार तुकड्यांसाठी माणसं मागवली गेली, तेव्हा त्याने ११ (स्कॉटिश) कमांडोत नाव दिलं. पहिली लढाई ९ जून १९४१ ची, लेबननमधल्या लितानी नदीच्या मुखाशी, विशी फ्रेंचांविरुद्ध, म्हणजे जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारच्या सैन्याविरुद्ध. कमांडो सुमारे चारशे उतरले, त्यांतले सव्वाशेच्या वर मेले किंवा जखमी झाले, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल डिक पेडर ठार झाला. मेनच्या विभागाने काम चोख केलं आणि खलित्यात त्याच्या नावाचा गौरवाने उल्लेख झाला.

तुमचा पहिला प्रश्न इथून सुरू होतो. पेडरनंतर जेफ्री कीजकडे नेतृत्व आलं. कमांडो सायप्रसला परतले आणि जूनच्या उत्तरार्धात तिथल्या मेसमध्ये मेनने मारहाण केली, हे खरं आहे. पण मार खाणारा कीज नव्हता, दुय्यम अधिकारी मेजर चार्ल्स नेपिअर होता. खुद्द कीजच्या रोजनिशीत हे नोंदलेलं आहे. मेनच्या कुत्र्याला मारल्याचा राग त्यामागे होता असं सांगितलं जातं. या प्रकरणानंतर मेन ११ कमांडोतून बाहेर पडला. मात्र त्याच्यावर कोर्ट मार्शल चाललं किंवा स्टर्लिंग त्याला भेटायला गेला तेव्हा तो कोठडीत होता, याला समकालीन कागदाचा आधार नाही. कोठडीची गोष्ट नंतरच्या वर्षांत, आठवणींतून आणि त्यावर रचलेल्या पुस्तकांतून पसरली. ती इतकी नाट्यमय आहे की प्रत्येक नवा लेखक ती उचलतो. तुम्ही बोलताना 'नेपिअरशी मारहाण, त्यामुळे कमांडोतून बाहेर' एवढंच सांगा. तेवढं पक्कं आहे.

स्टर्लिंगची तुकडी, म्हणजे एसएएसची सुरुवात, नाव 'एल डिटॅचमेंट', जुलै १९४१ मध्ये सुएझ कालव्याजवळच्या कब्रित इथे उभी राहिली. पहिली मोहीम १६-१७ नोव्हेंबरच्या रात्रीची, पॅराशूटने. वादळ उठलेलं, वारा इतका की जमिनीवर आदळलेले जवान छत्रीसोबत खडकांवरून फरफटत गेले. सामानाचे पेटारे सापडेनात. मागून आलेल्या पावसाने स्फोटकांच्या वेळ लावायच्या पेन्सिली भिजवून निकामी केल्या. पन्नासच्या वर माणसं गेली होती, परतली बाविसाच्या आसपास. शत्रूचं एकही विमान स्फोटाने उडवता आलं नाही. मेन आपल्या माणसांना घेऊन चालत ठरलेल्या भेटीच्या जागी परत आला. साधन निकामी झाल्यावर हट्टाने पुढे न जाता माणसं परत आणणं, हा निर्णय सव्वीस वर्षांच्या अधिकाऱ्याचा आहे. पडद्यावर त्याला फारशी जागा मिळत नाही.

यातून धडा घेऊन पद्धत बदलली. आकाशातून उडी मारणं सोडून लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या वाळवंटी टेहळणी तुकडीच्या ट्रकमधून वाळवंटातून मागच्या दाराने जायचं. जालो मरूद्यानातून निघायचं, होकायंत्र आणि तारे पाहून शेकडो मैल कापायचे, विमानतळाच्या काही मैल अलीकडे उतरायचं, शेवटचं अंतर पायी. १४ डिसेंबर १९४१ च्या रात्री लिबियातल्या सिर्तजवळच्या तामेत विमानतळावर मेन आणि पाच जणांनी २४ विमानं नष्ट केल्याचा दावा नोंदला गेला. पंधरवड्यातच तो पुन्हा तिथेच गेला आणि आणखी २७. जॉक लुईसने तयार केलेले जेमतेम अर्धा किलोचे बॉम्ब पंखावर चिकटवायचे. प्रत्येक विमानाच्या एकाच बाजूला चिकटवायचे, म्हणजे शत्रूला एकाचा डावा पंख आणि दुसऱ्याचा उजवा जोडून एक विमान उभं करता येत नाही. बॉम्ब संपल्यावर मेनने एका विमानाचा उपकरणांचा फलक हातांनी उपटून काढला, ही गोष्टही १४ डिसेंबरच्या रात्रीची म्हणून सांगितली जाते. वेळ लावायच्या पेन्सिलीचं एक दुखणं होतं: आतलं रसायन तार खात जातं आणि त्याचा वेग तापमानावर ठरतो. थंड रात्री उशीर, उष्णतेत घाई. त्यामुळे सगळे बॉम्ब एकदम फुटत नसत, आणि शेवटचं विमान होईपर्यंत पहिलं पेटायचं. परतीची वाट त्या हिशेबाने आखावी लागे.

१४ डिसेंबरच्या रात्रीचा एक भाग गाळू नका. विमानतळाच्या कडेच्या झोपडीत वैमानिक आणि कर्मचारी बसले होते. मेनने दार उघडून गोळीबार केला. स्टर्लिंगला हे खटकलं होतं, असं त्याच्या चरित्रातून दिसतं. युद्धाच्या हिशेबाने प्रशिक्षित वैमानिक हा विमानापेक्षा दुर्मीळ, हे खरं. पण ज्याच्यावर बोलायचं त्याचा हा कोपराही श्रोत्यांसमोर ठेवावा, नाहीतर उरतो तो नुसता पुतळा.

'मेनने एकट्याने शंभराहून अधिक विमानं नष्ट केली' हे वाक्य तुम्हाला सगळीकडे दिसेल. असे आकडे कसे वाचायचे ते सांगतो. छाप्यानंतरचा अहवाल अंधारात, पळता पळता, मोजणी करणाऱ्याच्या अंदाजावर लिहिलेला असतो. एकच विमान दोघांनी मोजलेलं असू शकतं. नुकसान झालेलं विमान दुरुस्त होऊन आठवड्यात उडू शकतं. शत्रूच्या नोंदींत आकडा बहुतेक वेळा कमी भरतो. शिवाय छापा हे टोळीचं काम असतं, बॉम्ब पाच-सहा हातांनी लावलेले असतात. म्हणून 'मेनच्या तुकड्यांच्या खात्यावर' असं म्हणा, 'एकट्याने' म्हणू नका. जुलै १९४२ मधल्या सिदी हनैशच्या छाप्याचंही तेच. १८ जीप दोन रांगा करून धावपट्टीवर घुसल्या आणि चाळिसाच्या आसपास विमानं गेली. त्यात मेन होता, पण तो छापा सगळ्यांचा होता.

जानेवारी १९४३ मध्ये स्टर्लिंग ट्युनिशियात पकडला गेला. इथून पुढचा मेन मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चाहते नेमकं इथेच पान उलटतात. तुकडी मोडीत निघण्याच्या बेतात होती. तिची दोन भागांत विभागणी झाली आणि स्पेशल रेडिंग स्क्वॉड्रन, म्हणजे एसआरएस, मेनकडे आला. वाळवंटात रात्री पाच जण घेऊन घुसणं वेगळं. तीनशेच्या आसपास जवान जहाजातून बोटीत, बोटीतून खडकावर, खडकावरून तोफांच्या बॅटरीवर नेणं अगदी वेगळं. त्यात बोटी वेळेवर लागाव्या लागतात, उखळी तोफांचा मारा पायदळाच्या पुढे सरकावा लागतो, बिनतारी संदेश जहाजापर्यंत पोचावा लागतो.

मेनने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर अझ झिब इथे माणसं महिनोन्महिने घासली. कडे चढणं, रात्रीच्या लांब चाली, शत्रूची हत्यारं चालवणं. लक्ष्य कोणतं हे जवानांना ठाऊक नव्हतं. ज्याला झेपत नाही त्याला शिक्षा एकच: मूळ पलटणीत परत पाठवणी. आरडाओरडा नाही, कवायतीची छळवणूक नाही. मेन तसा हळू आवाजात बोलणारा माणूस होता. स्वतःहून आलेल्या जवानाला परत पाठवलं जाण्याइतकी दुसरी भीती नव्हती.

१० जुलै १९४३, सिसिलीवरच्या चढाईची पहाट. एसआरएसचं काम कापो मुर्रो दी पोर्को या भूशिरावरच्या किनारी तोफा बंद करणं, कारण त्या चालू राहिल्या तर पाठीमागचा सगळा आरमारी ताफा त्यांच्या माऱ्यात येणार होता. अल्स्टर मोनार्क या जहाजातून बोटी उतरल्या. समुद्र खवळलेला. वाटेत पाण्यातून माणसांच्या हाका ऐकू येत होत्या. वाऱ्यामुळे आणि चुकीच्या ठिकाणी सोडल्यामुळे ब्रिटिश ग्लायडर समुद्रात पडले होते आणि त्यातले सैनिक पंखांना धरून तरंगत होते. थांबलं तर वेळ चुकणार, वेळ चुकली तर तोफा चालू राहणार. बोटी बहुतांशी पुढे गेल्या. असे निर्णय रोजनिशीत एका ओळीत असतात आणि ज्यांनी ते घेतले त्यांच्या मनात आयुष्यभर. पहाटेपर्यंत तोफा उडवल्या गेल्या, शेकडो इटालियन शरण आले. एसआरएसचा एक जवान मारला गेला.

दोन दिवसांनी ऑगस्ता बंदर, तेही दिवसाउजेडी. सप्टेंबरात बान्यारा. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एड्रियाटिक किनाऱ्यावरचं तेर्मोली, जिथे नशीब फिरलं. गाव सहज ताब्यात आलं, पण १६ व्या पँझर डिव्हिजनने उलट हल्ला चढवला आणि हलक्या हत्यारांच्या छापामारांना रणगाड्यांसमोर खंदक धरून बसावं लागलं. ट्रकमध्ये चढत असलेल्या जवानांवर एक तोफगोळा पडला आणि क्षणात दीड डझनाच्या आसपास माणसं गेली. छापामार तुकडी घुसायला आणि निघायला बनलेली असते. तिला जागा धरून बसवलं की तिची किंमत दुपटीने मोजावी लागते, याचं तेर्मोली हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. गाव मात्र हातचं गेलं नाही.

१९४४ च्या सुरुवातीला मेन लेफ्टनंट कर्नल आणि १ एसएएस रेजिमेंटचा प्रमुख झाला. स्कॉटलंडमधल्या डार्व्हेलला तळ. फ्रान्समध्ये तुकड्या शत्रूच्या पाठीमागे उतरवल्या गेल्या: रेल्वे उखडणं, फ्रेंच बंडखोरांना शस्त्रं पोचवणं, जीपने रस्ते रोखणं. हिटलरच्या ऑक्टोबर १९४२ च्या आदेशानुसार पकडलेल्या कमांडोंना गोळ्या घालायच्या होत्या, आणि बुलबास्केट मोहिमेतल्या कैद्यांना तसं मारलंही गेलं. ऑगस्टमध्ये मेन स्वतः फ्रान्समध्ये उतरला. रेजिमेंटच्या प्रमुखाने पाठीमागच्या मुलखात जायला वरचे राजी नसतात. तो गेला, तुकड्यांमधून फिरला, रसद आणि संदेशांची घडी बसवली.

आता व्हिक्टोरिया क्रॉस. ९ एप्रिल १९४५, वायव्य जर्मनी, ओल्डेनबुर्गच्या दिशेने जाणाऱ्या कॅनडियन चिलखती डिव्हिजनच्या पुढे मेनच्या दोन स्क्वॉड्रन जीपमधून वाट काढत होत्या. हे काम जीपचं नव्हतंच. वाळवंटात जीपला मैलभर दूरचं दिसतं आणि पळायला चारी दिशा मोकळ्या. इथे अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चर, झाडी आणि घरं. समोर जाड काचेची ढाल, बाकी अंग उघडं. जीपवरच्या व्हिकर्स के मशीनगनचा वेग मिनिटाला हजार गोळ्यांच्या आसपास, आणि चकती शंभराची. बोट दाबून धरलं तर सहा सेकंदांत रिकामी. ती बदलेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी गोळीबार चालू ठेवावा लागतो.

ब्योर्गर गावाजवळ पुढचं स्क्वॉड्रन सापळ्यात अडकलं. त्याचा प्रमुख मेजर डिक बाँड मारला गेला, माणसं चरात पडून राहिली, जखमींना हलवता येईना. मेन पुढे आला. ब्रेन गनने, म्हणजे हलक्या मशीनगनने, त्याने एका घरातला गोळीबार बंद पाडला. मग जीप चालवायला स्वतः बसला, मागे मशीनगनवर लेफ्टनंट जॉन स्कॉट. त्या माऱ्यातून रस्त्यावरून जात-येत त्यांनी शत्रूला दाबलं, आणि मग मेनने जीप थांबवून, खाली उतरून जखमींना चरातून उचलून जीपमध्ये घातलं.

शिफारस व्हिक्टोरिया क्रॉसची गेली. एसएएस ब्रिगेडचा प्रमुख माइक कॅल्व्हर्ट तिच्या पाठीशी होता. शिफारशीचा फॉर्म, त्या काळचा लष्करी फॉर्म डब्ल्यू ३१२१, पाहिला तर डावीकडे कृतीचं वर्णन, उजवीकडे कोणी शिफारस केली आणि कोणता सन्मान हे रकाने. त्या रकान्यातला क्रॉस खोडला गेला आणि डीएसओचा तिसरा बार (तोच सन्मान पुन्हा मिळाल्याची खूण) लिहिला गेला. म्हणजे एकूण चार डीएसओ. पंचम जॉर्जचा मुलगा, राजा सहावा जॉर्ज यालाही याचं आश्चर्य वाटलं, असं नेहमी सांगितलं जातं. २००५ मध्ये ब्रिटिश संसदेत हा अन्याय दूर करा म्हणून शंभरावर खासदारांनी प्रस्तावावर सह्या केल्या. सरकारने निर्णय बदलला नाही, कारण इतक्या वर्षांनी जुन्या शिफारशी उघडायच्या नाहीत हा तिथला पक्का दंडक.

का नाकारला, यावर 'वरचे लोक त्याच्यावर खार खाऊन होते' हे उत्तर सर्वांत आवडतं आहे. मला ते अर्धवट वाटतं. क्रॉससाठी एका व्यक्तीची एक ठळक कृती आणि प्रत्यक्षदर्शींची जुळणारी लेखी साक्ष लागते. ब्योर्गरला कृती दोघांची होती, मशीनगनवर स्कॉट होता. घटना कोणत्या क्रमाने घडल्या, कोण कुठे होतं, यावर साक्षी आणि शिफारशीचा मजकूर पूर्ण जुळत नाहीत. आणि मेन कमांडिंग ऑफिसर होता. नेतृत्वासाठी असलेला डीएसओ त्याच्या कामाला अधिक साजतो, असं समितीतल्या कुणाला वाटणं अशक्य नाही.

तुलनेसाठी आपल्याकडचं उदाहरण घ्या, तारीख तीच: ९ एप्रिल १९४५. इटलीत सेनियो नदीवर पहिल्या बटालियनचा, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा, कंपनीचा निरोप्या. नदीच्या पूर्वेकडच्या बांधावरच्या हल्ल्यात त्याची छोटी तुकडी जवळजवळ संपली. त्याने दोन जखमींना एकामागून एक, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवलं. मग परत येऊन तीन मशीनगन ठाणी संपवली, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकच माणूस, कृतीची स्पष्ट साखळी, आणि पाहणारे समोर. मेनची कृती कमी शूर होती असं यातून मुळीच निघत नाही. क्रॉसची चौकट कुठे बसते आणि कुठे अडते, एवढं मात्र दिसतं. तुमच्या श्रोत्यांना ही दोन प्रसंगांची जोडी लगेच भिडेल.

युद्धानंतरचं आयुष्य थोडक्यात. ऑक्टोबर १९४५ मध्ये एसएएस बरखास्त झाली. मेन फॉकलंड बेटांच्या अंटार्क्टिक सर्वेक्षण मोहिमेवर गेला, पण पाठीच्या असह्य दुखण्याने अर्ध्यावर परतला. पुढे उत्तर आयर्लंडच्या लॉ सोसायटीचा सचिव. पाठ इतकी दुखे की रग्बीचा सामना बसून पाहणंही जड जाई. लग्न केलं नाही. १४ डिसेंबर १९५५ च्या पहाटे न्यूटाउनार्ड्समध्ये, घराजवळच, त्याची रायली गाडी उभ्या लॉरीवर आदळली. वय ४०. मोव्हिला इथे त्याची कबर आहे आणि गावाच्या कॉनवे चौकात पुतळा.

शेवटचा प्रश्न, माहिती तपासायची कशी. रग्बीच्या नोंदी सर्वांत भरवशाच्या, कारण प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याचे संघ त्याच दिवशी छापले जात. कॅप, म्हणजे देशाकडून खेळलेले सामने, मोजताना क्लब, प्रांत आणि लायन्सचे सामने आयर्लंडच्या सहांत मिसळू नका. ही चूक फार होते.

सन्मानांसाठी लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारी राजपत्र, पाहा, पण गॅझेटची तारीख ही कृतीची तारीख नव्हे. मेनचा पहिला डीएसओ २४ फेब्रुवारी १९४२ च्या गॅझेटमध्ये आहे आणि कृती डिसेंबर १९४१ ची. दोन्ही एकच धरल्यामुळे पुष्कळ लेखांत तो छाप्यांच्या भलत्याच यादीत जाऊन बसलेला दिसतो. शिफारशींचे मूळ कागद किव येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत, आणि कमांडो-एसएएसच्या युद्धरोजनिश्या डब्ल्यूओ २१८ मध्ये. शोधताना 'पॅडी' घालू नका, 'रॉबर्ट ब्लेअर' किंवा 'आर. बी.' घाला. हुद्द्यापुढे 'हंगामी' किंवा 'कार्यकारी' असेल तर तो पगाराचा कायम हुद्दा नाही. एकाच महिन्यात एका कागदावर कॅप्टन आणि दुसऱ्यावर मेजर दिसला, तर दोन्ही बरोबर असू शकतात.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) युद्धमृतांच्या यादीत मेन शोधू नका, सापडणार नाही. त्या यादीची दुसऱ्या महायुद्धाची मुदत ३१ डिसेंबर १९४७ ला संपते. नामदेव जाधवही त्यात नाहीत, ते युद्धातून सुखरूप परतले. जाधवांच्या सोबत पडलेल्या मराठा जवानांची नावं मात्र तिथे पलटणीनुसार मिळतात. आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं चार तऱ्हांनी लिहिलेली असतात, म्हणून नावापेक्षा सेवाक्रमांक आणि तारखेने शोधलेलं बरं.

भाषण दहा मिनिटांचं असेल तर तीनच प्रसंग घ्या: न्यूलँड्सचा उत्तरार्ध, भिजलेल्या पेन्सिली आणि पायी परतणं, आणि मुर्रो दी पोर्को. ब्योर्गर आणि सेनियो प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा, कारण क्रॉसबद्दल कुणीतरी विचारणारच. कोठडीची गोष्ट विचारली, तर नेपिअरचं नाव आणि कीजची रोजनिशी सांगा.